घर कोणाच्या नावावर होते?

एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा' (१९७३) या चित्रपटात एक प्रसंग आहे. आग्र्यातील मिर्झा घराण्याला आपली वडिलोपार्जित हवेली रिकामी करावी लागत आहे. घरातील सारी माणसे निघण्याच्या तयारीत असताना वृद्ध आजी मात्र कोठे दिसत नाही. शोधाशोध होते, हाका मारल्या जातात, आणि अखेर ती सापडते सरपणाच्या अंधाऱ्या कोठडीत, लाकडांच्या आड अंग चोरून बसलेली. तिला समजावणे व्यर्थ ठरते. शेवटी तिला उचलूनच बाहेर काढावे लागते.

या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही. देशाची फाळणी म्हणजे काय, हे मात्र कत्तलीच्या अनेक दृश्यांपेक्षा ती कोठडी अधिक नेमकेपणाने सांगते. सीमारेषा आखली गेली ती आग्र्यापासून शेकडो मैल दूर. तिच्याशी या आजीचा संबंध एवढाच, की तिचा थोरला मुलगा हलीम पाकिस्तानात निघून गेला आणि हवेली त्याच्या नावावर होती. कायद्याच्या दृष्टीने ती सोडून गेलेल्या माणसाची, म्हणजे 'निष्क्रांत' मालमत्ता ठरली आणि सिंधमधून आलेल्या एका निर्वासित व्यापाऱ्याला मिळाली. धाकटा मुलगा सलीम हयातभर त्याच घरात राहिला, पण कागदावर त्याचे नाव नव्हते. आजीचे नाव तर कागदावर येण्याचा प्रश्नच कधी उद्भवला नव्हता.

फाळणीवरील चित्रपटांचा विचार करताना या साध्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. ज्या स्त्रियांनी घर सोडण्यास नकार दिला, त्यांपैकी बहुतेकींच्या नावावर ते घर नव्हतेच. मालकी नसताना त्या कशाच्या बळावर 'नाही' म्हणत होत्या? त्यांच्या नकाराचे आपल्या चित्रपटांनी काय केले? हे प्रश्न केवळ चित्रपटरसिकांचे नव्हेत. १९४७ साली ज्या स्त्रिया जाणत्या वयाच्या होत्या, त्यांची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. उद्याच्या विद्यार्थ्याला त्या भेटतील त्या पुस्तकांतून, आणि त्याहून अधिक पडद्यावरून. म्हणूनच पडदा त्यांच्याविषयी काय सांगतो हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

उपटून लावलेले रोप

सर सिरिल रॅडक्लिफ हे ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांची विभागणी करण्यास त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते, आणि त्यांचा निवाडा जाहीर झाला तो स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्ट रोजी. सव्वा ते दीड कोटी माणसे घरादाराला मुकली. वाटाघाटींच्या मेजाभोवती पुरुष बसले होते, नकाशे पुरुषांनी आखले, आणि गावोगावी 'जायचे की राहायचे' याचा निर्णयही बहुधा घरातील पुरुषांनीच घेतला. स्त्रीच्या वाट्याला आले ते गाठोडे बांधणे.

निमाई घोष यांच्या 'छिन्नमूल' (१९५०) या बंगाली चित्रपटात पूर्व बंगालमधील एका खेड्यातील माणसे गाव सोडून कलकत्त्याच्या वाटेला लागतात. त्या गावातील एक म्हातारी आपल्या झोपडीच्या खांबाला मिठी मारते आणि हलण्याचे नाकारते. हा फाळणीवरील अगदी आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. सियालदह स्थानकावर राहणारे खरेखुरे निर्वासित त्यात दिसतात. पुढे ज्यांनी फाळणीच्या जखमेलाच आपल्या कलेचा विषय केले, ते ऋत्विक घटक या चित्रपटात सहायकही होते आणि नटही. बंगालमधल्या झोपडीचा खांब आणि आग्र्याच्या हवेलीतली सरपणाची कोठडी यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. एक स्त्री हिंदू, दुसरी मुसलमान. एक गरीब, दुसरी खानदानी. पण दोघींजवळ युक्तिवाद नाही. आहे ते केवळ आपले शरीर, आणि ते त्या घराला चिकटवून ठेवतात.

हा हट्ट कोठून येतो? त्याला देशभक्ती म्हणणे खोटे ठरेल आणि म्हातारपणाचा हेका म्हणणे अन्यायाचे. 'गर्म हवा'मध्येच त्याचे उत्तर आहे. भाड्याच्या घरात आजी अंथरुणाला खिळते. अखेरच्या घडीला तिला त्या हवेलीतच जायचे असते. नवा मालक परवानगी देतो, तिला डोलीत बसवून हवेलीत आणतात आणि तेथेच ती प्राण सोडते. त्या वेळी तिच्या मनात जागा होतो तो, याच दारातून नववधू म्हणून ती आत आली तो दिवस. आपल्याकडे मुलगी सासरी निघते तेव्हा तिला उपटून दुसरीकडे लावलेल्या रोपाची उपमा देतात. म्हणजे या स्त्रिया एकदा विस्थापित झालेल्याच होत्या. माहेर सुटले तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. परक्या घरात चूल मांडून, मुले वाढवून, माणसे जोडून त्यांनी मुळे धरली. आता पुन्हा कोणी तरी ठरविले, की हेही घर तुमचे नव्हे. पुरुषाने घर गमावले तेव्हा त्याची मालमत्ता गेली. स्त्रीने गमावले ते आयुष्यभराच्या श्रमातून मिळविलेले एकमेव ठिकाण, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसल्याने त्याची भरपाईही कोणत्या कचेरीत मागता येत नव्हती.

या आजीचे काम केले ते आग्र्यातच सापडलेल्या बदर बेगम या वृद्धेने. तरुणपणी चित्रपटात काम करण्यासाठी ती मुंबईला पळून आली होती आणि निराश होऊन परतली होती. पडद्यावर तिला आवाज दिला तो दीना पाठक यांनी. एका स्त्रीचा चेहरा आणि दुसरीचा कंठ यांतून उभी राहिलेली ही आजी आपल्या चित्रपटसृष्टीतील फाळणीची सर्वांत बोलकी साक्षीदार आहे असे मला वाटते.

ज्वाला आणि विहीर

आजीचा नकार असा निमूट होता. अलीकडच्या चित्रपटांतील नकार मात्र बंदूक घेऊन उभा राहतो. सृजित मुखर्जी यांचा 'राजकाहिनी' (२०१५) आणि त्यांनीच केलेली त्याची हिंदी आवृत्ती 'बेगम जान' (२०१७) यांची कल्पना निःसंशय प्रभावी आहे. रॅडक्लिफ यांची रेषा नेमकी एका कुंटणखान्यातून जाते. तो हटवावा असा हुकूम येतो. घरंदाज समाजाने ज्यांना कधीच घराबाहेर काढले होते, त्या स्त्रिया या वास्तूला आपले घर मानतात आणि ते सोडण्यास नकार देतात. फाळणीचा व्यवहार पाहणारे दोन अधिकारी एकेकाळचे मित्र आहेत, आणि आता दोन बाजूंना उभे आहेत. ज्या स्त्रियांकडे येणाऱ्या पुरुषांचा धर्म कोणी विचारला नाही, त्यांच्याच अंगणात धर्माची रेषा आखली जावी, हा विरोधाभास कोणाही विचारी प्रेक्षकाला अस्वस्थ करील.

आक्षेप आहे तो शेवटाला. भाडोत्री गुंड चालून येतात, स्त्रिया लढतात, आणि अखेर पेटलेल्या घरात स्वतःला कोंडून घेऊन जळून जातात. त्या वेळी राणी पद्मिनीच्या जोहाराची कथा सांगितली जाते. प्रेक्षकाचा कंठ दाटून येतो. पण चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर मनात येते, की घरासाठी सुरू झालेली लढाई जोहारावर कशी संपली? ज्यांना समाजाने 'अब्रू' नाकारली, त्यांनी शेवटी त्याच अब्रूच्या कल्पनेसाठी जळून मरावे आणि तेव्हा कोठे त्या आपल्या आदराला पात्र व्हाव्यात, हा न्याय कोणता?

हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी सुमारे नव्वद स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या 'तमस'मध्ये (१९८८) अशाच विहिरीचे दृश्य आहे, आणि स्त्रियांच्या त्या रांगेपुढे चालणाऱ्या जसबीरची भूमिका आपल्या उत्तरा बावकर यांनी केली आहे. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले. फाळणीने त्यांच्या कुटुंबालाही गाव सोडावयास लावले. त्यांनी ते दृश्य अशा रीतीने रंगविले आहे, की अंगावर काटा येतो, पण जयजयकार करावासा वाटत नाही. कारण उर्वशी बुटालिया, ऋतु मेनन आणि कमला भसीन या संशोधकांनी पुढे प्रत्यक्ष साक्षी मिळवून जे दाखवून दिले, त्याची चाहूल त्यात आहे. अनेक ठिकाणी स्त्रियांना त्यांच्याच बापांनी, भावांनी, नवऱ्यांनी मारले आणि त्याला हौतात्म्य म्हटले. ज्या स्वेच्छेने मेल्या असे सांगितले जाते, त्यांच्या इच्छेला दुसरा पर्याय कोणी ठेवला होता? थोहा खालसाची विहीर भरून गेल्यामुळे काही जणी वाचल्या. स्मारके झाली ती मेलेल्यांची. वाचलेल्यांनी पुढची वर्षे कशी काढली, हे विचारायला कोणी गेले नाही.

म्हणून दोन नकारांत भेद केला पाहिजे. 'मी येथून जाणार नाही' हा एक नकार आहे. 'मी जिवंत राहणार नाही' हा दुसरा. पहिला स्त्रीचा स्वतःचा असू शकतो. दुसरा बहुधा तिच्याकडून वदवून घेतलेला असतो. दोन्हींना एकाच माळेत ओवणारा चित्रपट स्त्रीच्या प्रतिकाराला वंदन करतो असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात तो जुन्या अपेक्षेवरच नवे तेल ओततो.

ज्या उडी मारत नाहीत

पाकिस्तानी दिग्दर्शिका सबीहा सुमार यांच्या 'खामोश पानी' (२००३) या चित्रपटाचा आरंभ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वीरो नावाच्या शीख मुलीला तिचा बाप विहिरीत उडी घ्यायला सांगतो. ती घेत नाही, पळते. पुढे ती आयेशा होते, मुसलमान पुरुषाशी तिचे लग्न होते, तिला मुलगा होतो. १९७९ साल उजाडते तेव्हा ती पाकिस्तानातील पंजाबमध्ये मुलींना कुराण शिकविणारी एक शांत विधवा आहे. गावात सर्वांना सारे ठाऊक आहे, आणि कोणी बोलत नाही. ती फक्त एक गोष्ट पाळते. विहिरीवर पाण्याला जात नाही. पुढे झिया-उल-हक यांच्या राजवटीत मुलगा कडव्यांच्या संगतीला लागतो, भारतातून तीर्थयात्रेला आलेल्या शिखांत तिचा भाऊ असतो, आणि जुने पाणी पुन्हा ढवळून निघते. तिचा मुलगाच तिच्याकडे तिच्या श्रद्धेचा पुरावा मागतो. अखेर ती त्याच विहिरीत उडी घेते.

येथेही शेवटी मृत्यूच आहे, मग 'बेगम जान'हून हा चित्रपट वेगळा कसा? वेगळा अशासाठी, की या मृत्यूभोवती तेजोवलय नाही. बत्तीस वर्षे जगून दाखविणे हा वीरोचा खरा पराक्रम होता. तिचा मृत्यू हा ज्यांनी तिला जगू दिले नाही त्यांचा पराभव आहे. किरण खेर यांना या भूमिकेसाठी लोकार्नो महोत्सवात पारितोषिक मिळाले आणि चित्रपटाला तेथील सर्वोच्च सन्मान लाभला.

वीरो जेथे होती तेथे राहिली. पण हजारो स्त्रियांना तसे राहू देण्यात आले नाही, आणि येथे प्रश्न शासनसंस्थेपर्यंत पोहोचतो. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात करार झाला, की पळविलेल्या स्त्रिया शोधून परत कराव्यात. सरकारी अंदाजानुसार भारतात अशा सुमारे पन्नास हजार मुसलमान स्त्रिया होत्या, पाकिस्तानात तेहतीस हजार हिंदू आणि शीख स्त्रिया. १९४९ साली भारताने त्यासाठी कायदा केला. १ मार्च १९४७ नंतरची धर्मांतरे आणि विवाह ग्राह्य धरायचे नाहीत असे धोरण ठरले. सोळा वर्षांखालील मुलगा आणि कोणत्याही वयाची स्त्री या कायद्याच्या व्याख्येत बसत होती. म्हणजे पुरुष सोळाव्या वर्षी स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ होत होता, स्त्री मात्र साठाव्या वर्षीही होत नव्हती. कायदा १९५७ मध्ये संपुष्टात आला तोवर दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे तीस हजार स्त्रिया परत पाठविल्या गेल्या होत्या. मृदुला साराभाई यांच्यासमवेत लाहोरला हे काम केलेल्या कमळाबेन पटेल यांनी आपल्या गुजराती आठवणींत, परत जाण्यास विरोध करणाऱ्या स्त्रियांविषयीही लिहिले आहे.

या कामामागील हेतू हीन नव्हता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. असंख्य स्त्रिया अमानुष कैदेत होत्या आणि सुटकेसाठी तळमळत होत्या. त्यांच्यासाठी ही चळवळ देवदूतासारखी होती. कित्येकींना सोडवून आणल्यावर त्यांच्या घरच्यांनीच दार लावून घेतले, हेही खरे. परंतु जिला परत यायचे आहे आणि जिला नाही, या दोघींना एकच नियम लागू करणे आणि दोघींपैकी एकीलाही न विचारणे, हे सोडविणे नव्हे. तो दुसऱ्यांदा केलेला स्थलांतराचा हुकूम होता.

अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवरून चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी केलेल्या 'पिंजर'चा (२००३) शेवट या पार्श्वभूमीवर पाहावा. उर्मिला मातोंडकर यांनी साकारलेल्या पूरोला घराण्याच्या वैरातून रशीद पळवून नेतो. ती एकदा पळून आईबापांच्या दारी येते, तेव्हा तेच तिला परत पाठवितात. पुढे फाळणी होते आणि सीमेवर तिचा भाऊ तिला सांगतो, आता ये, आता कोणी काही म्हणणार नाही. पूरो जात नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. ज्याने पळविले त्याच्याकडेच राहण्याला प्रतिकार म्हणावे काय? त्यात अन्यायाला मान्यता मिळत नाही काय? चित्रपटाने रशीदला जो पश्चात्ताप दिला आहे त्यामुळे ही शंका अधिकच बळावते, आणि प्रत्यक्षात असे किती रशीद पश्चात्तापाने पोळले असतील, हे कोणी सांगावे? तथापि पूरोचा नकार रशीदच्या बाजूने दिलेला कौल नाही. ज्या घराने पूर्वी दार लावले, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला म्हणून ते उघडते, ही गोष्ट तिला कळते. तिचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो. पहिल्यांदाच तो तिने घेतला आहे, एवढेच त्याचे मोल आहे.

आपला संबंध काय?

महाराष्ट्र सीमेपासून दूर होता, म्हणून फाळणी ही आपली कथा नव्हे असे मानण्याची आपल्याला सवय आहे. पण कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. 'गर्म हवा'तील हवेली ज्या सिंधी व्यापाऱ्याला मिळते, त्याच्या घरीही हैदराबाद किंवा कराचीच्या वाड्याचा खांब न सोडणारी एखादी आजी असेलच. तिचा चित्रपट अद्याप झालेला नाही. जानेवारी १९८८ मध्ये 'तमस'चे दूरदर्शनवरील प्रक्षेपण थांबविण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि मनाई उठविली. सत्य दाखविल्याने समाज बिघडत नाही असा विश्वास त्या निर्णयात होता, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. हा विश्वास आपणही बाळगावयास हरकत नाही.

फाळणीचा धडा शिकविताना आकडे, करार आणि नेत्यांची नावे सांगावीच लागतील. पण एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना 'गर्म हवा' दाखवून एवढेच विचारावे, की ते घर कोणाच्या नावावर होते आणि ते कोणाचे होते? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला फाळणीतील निम्म्या माणसांचा इतिहास समजू लागला असे म्हणता येईल. फाळणीच कशाला, आपापल्या घरच्या सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर कोणाची नावे आहेत, हेही त्याने एकदा पाहावे.

'गर्म हवा'च्या शेवटी सलीम मिर्झा पाकिस्तानला जाण्यासाठी टांग्यातून स्थानकाकडे निघतो. वाटेत बेकारांचा मोर्चा येतो. प्रथम मुलगा सिकंदर आणि मागोमाग सलीम स्वतः टांग्यातून उतरून त्यात मिसळतात. बलराज साहनी यांचे हे अखेरचे मोठे काम, आणि हा शेवट योग्य कारणाने गाजला. मात्र त्या टांग्यात सलीमची पत्नीही आहे. मोर्चात जाण्यापूर्वी तो तिला घरी परतायला सांगतो आणि टांगा मागे वळतो. जाण्याचा निर्णय तिचा नव्हता, राहण्याचाही नाही. टांगा तिला घेऊन त्या भाड्याच्या घराकडे जातो. तेथे पोहोचल्यावर बांधलेले सामान सोडण्यापासून तिची सुरुवात होणार आहे.